पतीच्या प्रेरणेने

मुकादमांच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते एका मंगळवारी, सकाळी सव्वानऊला, जिल्हा मंडळाच्या रस्ते विभागात, हजेरीपत्रकावर सही करताना. रोलर चालवणारा त्यांचा जुना सोबती मागून आला, पाठीवर जोरात थाप मारली आणि म्हणाला, "अभिनंदन, मुकादम! तोंड कधी गोड करताय?"

मुकादमांना वाटलं, नदीकडच्या वळणाचं काम चार दिवस आधी उरकलं, त्याची वर कुणीतरी दखल घेतली असणार. ते थोडे लाजलेसुद्धा. "अरे, त्यात काय एवढं! कामच आहे आपलं ते."

"तुमचं नाही हो, वहिनींचं! बाहेर फळ्यावर यादी लागलीय. नागरिक गौरव. पाच जणांत पहिलं नाव वहिनींचं."

मुकादमांनी सही पुरी केली, पेन खिशाला लावलं आणि काही घाई नाही असं दाखवत जिन्याखालच्या फळ्यापाशी गेले. एका बाजूला पाणी बंद राहण्याच्या वेळा, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा भरतीची जाहिरात आणि मधोमध, ताज्या कागदावर, ती यादी. एकतीस वर्षांच्या नोकरीत मुकादमांचं आडनाव त्या फळ्यावर पहिल्यांदाच लागलं होतं. फक्त त्याच्या आधी नाव दुसऱ्याचंच होतं.

एकतीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. जिल्ह्यातला असा रस्ता नव्हता ज्याची खडी मुकादमांच्या डोळ्यांदेखत पडली नव्हती. कुठल्या मोरीखाली पाणी तुंबतं, कुठल्या उतारावर डांबर टिकत नाही, हे त्यांना नकाशा न बघता सांगता यायचं. एका वर्षी नदी फुगली आणि जुन्या पुलाची एक बाजू खचली, तेव्हा दुसऱ्या बाजूला दिवे नि फळ्या पोचेपर्यंत हा माणूस चौदा तास कमरेइतक्या पाण्यात उभा राहून येणाऱ्या गाड्या हाताने मागे फिरवत होता. त्या दिवसाबद्दल त्यांना काय मिळालं? सर्दी. वर्तमानपत्रात फोटो आला तो पुलाचा. कोपऱ्यात एक ठिपका दिसत होता, तो आपण, असं मुकादम पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना दाखवायचे. पाहुणे मान डोलवायचे, पण ठिपका कुणालाच ओळखू यायचा नाही.

आणि बायको काय करत होती? फोन करत होती.

सहा वर्षांपूर्वी दोन गल्ल्या पलीकडच्या एक निवृत्त शिक्षिका घरातच वारल्या आणि तीन दिवस कुणाला पत्ता लागला नाही. दारात दुधाच्या तीन पिशव्या साचल्या तेव्हा शेजाऱ्यांच्या लक्षात आलं. बाई, म्हणजे मुकादमांची बायको, त्यांच्या हाताखाली शिकलेली. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक वही घेतली, आजूबाजूला जी म्हातारी माणसं एकटी राहतात त्यांची नावं नि नंबर लिहून काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसातला बोळातल्या फोनपाशी स्टूल ओढून बसायला लागली. "उठलात का? गोळी घेतलीत? गुडघा काय म्हणतोय?" बस, एवढंच. कुणाशी दोन मिनिटं, कुणाशी पाच. सुरुवातीला सहा जण होते, आता चौदा झाले होते.

त्यात एक जुने पोस्टमास्तर होते, ते तब्येत विचारली की हवामान सांगायचे. दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, एकाच घरात राहणाऱ्या, पण नऊ वर्षं एकमेकींशी अबोला, त्यामुळे त्यांना वेगवेगळे दोन फोन करावे लागत, आणि प्रत्येक जणी "ती कशी आहे, विचारलंस का?" असं हळूच विचारून घ्यायची. मुकादमांनी एका रविवारी निवांत झोपता यावं म्हणून फोनची वायरच काढून ठेवली होती. साडेअकराला दार वाजलं. पोस्टमास्तर काठी टेकत, धापा टाकत उभे. "बाई आहेत ना? फोन आला नाही. म्हटलं, बघून यावं, काही बरंवाईट तर नाही!"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी म्हाताऱ्या टेलरने फोन उचलला नाही. बाईने दहा वेळा वाजू दिला, पाच मिनिटांनी पुन्हा लावला आणि तशीच पायात घरातल्या सपाता घालून धावत गेली. दार आतून बंद. तिने जिल्हा मंडळाची रुग्णवाहिका बोलावली, दार तोडायला लावलं. टेलर आदल्या संध्याकाळपासून न्हाणीघरात पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं. अजून दोन तास गेले असते तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. रुग्णवाहिकेवाल्यांनी ती हकिकत अहवालात लिहिली, अहवाल समाजकल्याण विभागात गेला, आणि तिथून पुढे फिरत फिरत तो जिन्याखालच्या फळ्यापर्यंत आला.

संध्याकाळी घरी आल्यावर मुकादम बूट काढता काढता म्हणाले, "सगळ्या ऑफिसला माहीत. मला मात्र फळ्यावरून कळतंय."

"पत्र परवाच आलंय," बाई म्हणाली. "टेबलावरच ठेवलं होतं. तुम्ही बघाल म्हटलं."

मुकादमांनी पाहिलं. पत्र होतं. त्यावर त्यांच्याच कपाचे दोन गोल डाग होते.

"छान झालं," ते म्हणाले. आणि मग राहवेना म्हणून, "तसं काही अवघड काम नाही म्हणा. फोनच तर करायचा."

बाई हसली. "तेच तर. मीही त्यांना तेच सांगितलं."

आता यावर भांडणार तरी कसं?

पुढचे दिवस मुकादमांना फार जड गेले. लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. एरवी आईशी दहा मिनिटं बोलून "बाबांना दे" म्हणायची. या वेळी आईशीच पाऊण तास बोलली आणि बाबांना म्हणाली, "बाबा, केवढं भारी ना! आई एकदम प्रसिद्ध!" बाबा म्हणाले, "हो ना," आणि रिसीव्हर जरा जोरातच ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानात पंचवीस वर्षं त्यांना "या मुकादम" असं म्हणत. त्या आठवड्यात दुकानदाराने एका नव्या गिऱ्हाइकाशी ओळख करून दिली ती अशी : "हे आपल्या फोनवाल्या बाईंचे मिस्टर." इतकी वर्षं ती मुकादमांची बायको होती. एका कागदाने हिशेब उलटा केला होता. मुकादम साबण घ्यायला गेले होते, ते तसेच रिकाम्या हाताने परत आले.

साडेसातला आता त्यांना काहीतरी सापडेनासं व्हायचं. कधी मोजा, कधी चष्मा, कधी कंगवा. "अगं, माझा मोजा कुठाय?" बोळात बाई टेलरच्या खुब्याची चौकशी करत असायची, ती हाताने खूण करून कपाट दाखवायची आणि बोलणं चालू ठेवायची. मोजा कपाटातच असायचा, हे मुकादमांनाही ठाऊक होतं.

एका दुपारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि नागरिक गौरवाचा कोरा अर्ज मागून आणला. पुढच्या वर्षासाठी म्हणून. कुणी बघू नये म्हणून तो नदीकडच्या वळणावर, साहित्य ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत बसून भरायला घेतला. नाव झालं, पत्ता झाला. मग प्रश्न आला : समाजासाठी केलेल्या कामाचा तपशील. मुकादमांनी लिहिलं, "एकतीस वर्षे रस्ते." पुढे काय लिहावं सुचेना. पुलाचं लिहिलं. वाचून बघितलं तर ते कामावर हजर असल्याचा दाखला वाटायला लागलं. तरी तो कागद घेऊन ते ऑफिसातल्या अर्जांच्या खिडकीपाशी गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटा करून मागच्या बाजूची एक बारीक ओळ पेन्सिलीने दाखवली. जिल्हा मंडळाच्या कर्मचाऱ्यांना हा गौरव लागू नाही.

"का?"

"तुमचं ते कर्तव्य झालं ना, मुकादम. पगार घेता त्याचा." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज घडी घालून परत दिला. "घरात आलाय की यंदा एक. एकाच घरात दोन-दोन कशाला हवेत?"

मागे रांगेतली दोन माणसं हसली. मुकादमही हसले. पण नाकाला झोंबलेल्या मिरच्या घरी जाईपर्यंत उतरल्या नाहीत.

त्याच शनिवारी समाजकल्याण विभागाच्या अधिकारी घरी आल्या. तिशीतल्या, चटपटीत, काखेत फाइल. बाई घरी नव्हती. टेलरना चालायची काठी कशी धरायची ते दाखवायला गेली होती. मुकादमांनी खुर्ची दिली, पंखा लावला, स्वतः चहा केला. तो कडू झाला. अधिकारीबाईंनी एक घोट घेऊन कप हळूच बाजूला ठेवला.

"मानपत्राचा मजकूर लिहायचाय," त्या म्हणाल्या. "हे सगळं सुरू कसं झालं, ते जरा सांगाल?"

मुकादमांनी शिक्षिकाबाईंची हकिकत सांगितली. नीट सांगितली, दुधाच्या पिशव्यांसकट. अधिकारीबाई भराभर लिहीत होत्या, मधूनच मान वर करून बघत होत्या, आणि कुणीतरी आपलं बोलणं उतरवून घेतंय हे मुकादमांना फार बरं वाटत होतं.

"मग बाईंना ही कल्पना सुचली?"

इथे मुकादम थांबले. खरी गोष्ट त्यांना लख्ख आठवत होती. त्या संध्याकाळी ते गरम पाण्याच्या टोपात पाय सोडून बसले होते, बायको डोळे पुसत वहीत नंबर लिहीत होती, आणि ते म्हणाले होते, "आपल्याला काय करायचंय? लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस. उद्या कुणी तोंडावर बोलेल."

"सुचली म्हणजे," मुकादम म्हणाले, "आम्ही दोघं बोलत बसलो होतो. मी म्हटलं, अगं, रोज कुणी एक फोन जरी केला असता तरी कळलं असतं."

वाक्य इतकं सहज तोंडातून निघालं की क्षणभर त्यांना स्वतःलाच ते खरं वाटलं.

"म्हणजे मूळ कल्पना तुमची!"

"कल्पना कसली. घरातल्या घरात कुणाची नि काय," मुकादम म्हणाले आणि नम्रपणे पंख्याकडे बघत राहिले. अधिकारीबाईंचं पेन कागदावर धावत होतं. मुकादमांना तो आवाज ऐकू येत होता आणि तो थांबू नये असं वाटत होतं.

आठ दिवसांनी शिपाई मजकुराची प्रत घेऊन आला. तपासून, सही करून परत पाठवा, असं वर लिहिलेलं. बाईला काहीही वाचायचं झालं की मोठ्याने वाचायची सवय. ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून वाचायला लागली. मुकादम समोरच भाजी निवडत बसले होते. एरवी ते भाजी निवडत नसत.

"...'पतीच्या प्रेरणेने सुरू केलेल्या या कार्यामुळे अनेक ज्येष्ठ नागरिकांना...'"

आवाज थांबला. मग तिने ते वाक्य पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. मुकादमांना तिचे ओठ हलताना दिसले.

"हे कुणी सांगितलं त्यांना?"

"ते... लिहितात हे लोक असं काहीतरी. पद्धत असते," मुकादम म्हणाले. "तू खोडून टाक हवं तर."

बाईने राहिलेला मजकूर शेवटपर्यंत वाचला, पण आता मोठ्याने नाही. मग हात पुढे करून म्हणाली, "पेन द्या."

मुकादमांनी खिशातलं पेन काढून दिलं. तिने काही खोडलं नाही. खाली सही केली आणि कागद शिपायाच्या हातात दिला. त्यापेक्षा दोन शब्द बोलली असती तर मुकादमांना बरं वाटलं असतं. ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरचे दहा दिवसही त्या विषयावर नाही.

समारंभ जिल्हा मंडळाच्या सभागृहात सकाळी दहाला होता. जिल्हा मंडळाने बाईच्या म्हाताऱ्या माणसांसाठी खास बस पाठवली होती. बारा जण आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते; बाकी दोघांना उठवत नव्हतं. टेलर चाकांच्या खुर्चीत, पण कोट स्वतः शिवलेला, कडक. मुकादमांनीही कोट घातला होता. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं होतं, रोलरवाल्याशेजारी.

जिल्हा मंडळाच्या अध्यक्षबाई फार छान बोलल्या. रस्ते नि पाणी देणं हे आमचं कामच, पण माणसाने माणसाची विचारपूस करावी हे काही सरकारी हुकमाने होत नाही, असं म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून जिल्हा मंडळ 'सकाळचा फोन' ही योजना सगळ्या जिल्ह्यात सुरू करणार आणि ती कशी चालवायची ते बाई शिकवणार, असंही त्यांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. निवेदकाने मानपत्र वाचलं. "पतीच्या प्रेरणेने" हे शब्द त्याने जरा ताणूनच म्हटले आणि वर विनंती केली, "त्या प्रेरणेलाही आपण मंचावर बोलावू या!"

रोलरवाल्याने मुकादमांना जवळजवळ ढकललंच. मुकादम पायऱ्या चढले. समोर तीनशे माणसं, टाळ्या, फोटोवाला. खोटं कशाला बोला, त्यांना आवडलं. फार आवडलं. छाती आपोआप पुढे आली. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच, असं त्यांना वाटलं.

टाळ्या ओसरल्या, आणि त्या शांततेत दोन बहिणींमधल्या थोरलीचा आवाज आला. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलायची ती गावाला ऐकू जाईल असं.

"हे कोण म्हणायचे?"

आणि धाकटीने, जी नऊ वर्षं तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती, तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "अगं, ओळखलं नाहीस? फोनवर मागून ओरडतात ना, माझा मोजा कुठाय म्हणून, तेच हे!"

"हो हो, मोजेवाले!" टेलर म्हणाले. पोस्टमास्तरांनी मान डोलावली. पहिली रांग हसली, मग दुसरी, मग सगळं सभागृह. अध्यक्षबाईंनी हसू लपवायला रुमाल काढला. मुकादमही हसले, दुसरं करणार काय? त्यांचा हात मानपत्राच्या चौकटीला लागला होता, तो त्यांनी काढून घेतला. बायको मात्र हसत नव्हती. ती त्या दोघी बहिणींकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारी घरी आल्यावर बाईने चौकट टेबलावर ठेवली, पाणी प्यायली आणि समोर बसली.

"नऊ वर्षांनी बोलल्या त्या दोघी," ती म्हणाली. "हे मात्र अगदी खरं, तुमच्या प्रेरणेने झालं."

मुकादमांनी मान खाली घातली. कोट अजून अंगातच होता. जरा वेळाने म्हणाले, "तू सही का केलीस?"

"तुम्हाला हवं होतं म्हणून."

"राग आलाय तुला."

"आला होता. आता लागलंय, एवढंच." बाईने हातातला पेला फिरवला. "बघा, लग्न माझ्या वडिलांनी ठरवलं. घर कुठे घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत. मुलीने काय शिकायचं ते तिचं तिने ठरवलं. मी कधी तक्रार केली? पण ही एक गोष्ट मी एकटीने ठरवली होती. तुम्ही नको म्हणत असताना ठरवली होती. तेवढीही माझ्याकडे राहू दिली नाहीत तुम्ही."

मुकादमांनी कोटाची बटणं सोडली. मग एकदम म्हणाले, "मला कधी कुणी बोलावलं नाही वर. एकदासुद्धा."

"माहितीय मला," बाई म्हणाली. आवाज कडक नव्हता, पण उठून जवळही आली नाही. "म्हणून माझ्या जागी चढायचं?"

सोमवारी सकाळी मुकादम हजेरी लावून सरळ वरच्या मजल्यावर समाजकल्याण विभागात गेले. अधिकारीबाईंनी उठून स्वागत केलं. मुकादम बसले नाहीत.

"ते प्रेरणेचं वाक्य खोटं आहे," ते म्हणाले. "मी खोटं सांगितलं तुम्हाला. कल्पना तिची. मी उलट विरोध केला होता."

अधिकारीबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मानपत्र तर देऊन झालं होतं. जिल्ह्याच्या मासिक पत्रिकेचा अंकही छापून गेला होता, फोटोसकट. "फार तर पुढच्या अंकात शुद्धिपत्रक देता येईल," त्या म्हणाल्या. "पण त्याला तुमचा लेखी अर्ज लागेल. आणि विचार करा, मुकादम. अंक घराघरांत जातो."

"द्या कागद," मुकादम म्हणाले.

अर्ज लिहायला त्यांना तीन दिवस लागले. रिकाम्या डांबराच्या पिंपावर फळी टाकून ते दुपारच्या सुट्टीत लिहायचे, फाडायचे, पुन्हा लिहायचे. पहिल्या खेपेला "गैरसमजातून" असं लिहिलं, ते खोडलं. दुसऱ्या खेपेला "अनवधानाने". तेही खोडलं. शेवटी जे उतरलं ते पुढल्या महिन्यात पत्रिकेच्या मागच्या पानावर, पाण्याच्या वेळापत्रकाच्या खाली, बारीक अक्षरांत छापून आलं :

"शुद्धिपत्रक. मागील अंकात माझ्या पत्नीने केलेले काम पतीच्या प्रेरणेने सुरू झाले असे छापले आहे. ती माहिती मी दिली होती व ती खोटी आहे. मी सदर कामास विरोध केला होता व एकदा फोनची वायरही काढली होती. काम सर्वस्वी तिचे आहे. हेवा वाटल्याने असे सांगितले. मुकादम, रस्ते विभाग."

रोलरवाल्याने ते इंजिनाच्या आवाजातही सगळ्या टोळीला वाचून दाखवलं. "मुकादम," तो म्हणाला, "आख्ख्या जिल्ह्यात असा अर्ज कुणी केला नसेल!" दुकानदाराने तो तुकडा कापून काचेला चिकटवला. अधिकारीबाईंनी निरोप पाठवला की मानपत्रापेक्षा शुद्धिपत्रकाबद्दलच जास्त फोन आले. हे ऐकून मुकादमांना मनातून जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

बाईने अंक चष्मा लावून वाचला. या वेळी मोठ्याने नाही.

"'हेवा' लिहायची काय गरज होती?" तिने विचारलं.

"मग काय लिहू? तेच होतं."

"हं," ती म्हणाली, अंकाची घडी घातली आणि आपल्या नंबरांच्या वहीत ठेवली. त्या संध्याकाळी ती त्यांच्याशी पूर्वीसारखी बोलली. टेलरचा एक किस्सा सांगितला, दोन बहिणी आता एकाच फोनवर आळीपाळीने बोलतात आणि रिसीव्हरवरून भांडतात, ते सांगितलं. मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं.

हेवा काही गेला नाही. शुद्धिपत्रकाने तो कसा जाणार? योजना सुरू झाली, जिल्हा मंडळाने दोन मुली नेमल्या, आणि त्यांना शिकवायला बाई दर गुरुवारी ऑफिसात यायला लागली. तिला वरच्या मजल्यावर टेबल मिळालं, खिडकीजवळचं. मुकादमांना एकतीस वर्षांत टेबल कधी नव्हतंच. त्यांचं सगळं ऑफिस रस्त्यावर. गुरुवारी दोघं एकाच बसने जायचे. फाटकावरचा पहारेकरी आधी बाईला नमस्कार करायचा, मग मुकादमांना. मुकादम ते नमस्कार मोजायचे. जिना चढताना बाईला कुणी हाक मारली की ते थांबायचे आणि बुटाची लेस बांधायचे, सुटलेली असो वा नसो.

अकरा महिन्यांनी ते निवृत्त झाले. रस्ते विभागाच्या आवारात, रोलर बाजूला लावून, तीस-चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. विभागप्रमुख बोलले, रोलरवाला बोलला आणि मधेच रडला. लेक खास सुट्टी काढून आली होती. मुकादम मधल्या खुर्चीवर, शेजारी बाई. इतक्यात अध्यक्षबाईंची गाडी आवारात शिरली. एका मुकादमाच्या निरोपाला अध्यक्षबाई! सगळे उभे राहिले. मुकादमही उठले, कोट सारखा केला, हात जोडून दोन पावलं पुढे झाले.

अध्यक्षबाई आल्या त्या थेट बाईकडे. "अहो, तुम्हीही इथे! बरं झालं भेटलात. कालच वरच्या बैठकीत तुमच्या योजनेचं..."

मुकादम हात जोडून तसेच उभे. आणि मग त्यांच्या तोंडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, निघून गेलं, "बाईसाहेब, आजचा एक दिवस तरी माझा राहू द्या हो!"

पहिल्यांदा हसली ती बाई, अगदी मनापासून, पोट धरून. मग अध्यक्षबाई, मग टोळीतली सगळी माणसं, मग लेक. मुकादमांनाही हसू आलं, आणि या वेळी ते ओढून आणावं लागलं नाही.

"चुकलं माझं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बाई मागे सरकून खुर्चीवर बसली, आणि अध्यक्षबाई नवऱ्याला रस्त्यांचं काय विचारतायत ते नीट ऐकू यावं म्हणून शेजारी बोलणाऱ्या लेकीला तिने गप्प केलं.